ज्याला कोणी ओ दिली नाही

गेलेल्या माणसाला ओ देऊ नये, ही आमच्या खोऱ्यातील रीत फार जुनी आहे. देह सुटला तरी जीवाला ते लगेच उमगत नाही, असे पोथी सांगते. तो सवयीने घरी येतो, आपल्या जागी बसतो, चहा मागतो, हाका मारतो. घरच्यांनी वर पाहायचे नसते. त्या अबोल्यातूनच त्याला हळूहळू कळते की आपण आता येथले नाही, आणि तो पुढची वाट धरतो. कोणी न राहवून ओ दिली, तर तो उंबरठ्याला बांधला जातो. ना धड येथला, ना तेथला. म्हणून हा अबोला निष्ठुर दिसला तरी ती शेवटची माया आहे, असे वडीलधारे मुलांना लहानपणीच शिकवतात. ल्हुंगरी गावच्या नोर्झिनलाही ते शिकवले होते. पाळण्याची वेळ मात्र तिच्यावर आली नव्हती.

त्या वर्षी मिठाचा तांडा उशिरा परतला. खिंडीत हिमकडा कोसळला, आणि सर्वांच्या मागून एका लंगड्या याकाला हाकत येणारा तिचा नवरा ग्युर्मे बर्फाखाली गेला. सोबत्यांनी काठ्या खुपसून खुपसून पाहिले. हाती लागली ती त्याची टोपी. तांड्याचा म्होरक्या तोब्देन ती घेऊन घरी आला, तेव्हा ग्युर्मेची आई कुंझोम चुलीपाशी जव भाजत होती.

"आमा, बर्फ फार होतं," तोब्देन म्हणाला.

"टोपी आणलीस," म्हातारी म्हणाली. "टोपीखालचं काय केलंस?"

"खूप शोधलं गं आम्ही."

"शोधलं असशील. लहानपणी माझ्या हरवलेल्या शेळ्याही तूच शोधायचास. एक कधी सापडली नाही."

तोब्देन दारातच उभा राहिला. मग म्हातारीनेच त्याला हाताला धरून बसवले, चहा ओतून दिला, आणि त्याचा पिऊन होईपर्यंत त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून ती बसून राहिली. जव चुलीवर करपले. त्या वासाने नोर्झिन आतून धावत आली आणि टोपी पाहून जागच्या जागी थांबली.

पोथी वाचायला लामा पेन्जोर आले. ते घरसंसारी लामा होते. स्वतःचे शेत नांगरीत, आणि गावात कोणी गेले की हात धुऊन पोथी काढीत. सारे गाव त्यांना मेमे म्हणे, म्हणजे आजोबा. ज्याचा देह हाती लागत नाही त्याच्यासाठी कागदावर एक बसलेली आकृती काढतात, खाली त्याचे नाव लिहितात, आणि भटकणाऱ्या जीवाला नावाने हाक मारून त्या कागदात बोलावतात. मग सात सप्तके, म्हणजे सात आठवडे, त्या कागदासमोर पोथी वाचायची. अखेरच्या दिवशी कागद दिव्यावर धरला, नाव जळले, की जीव सुटला. रोज सातूचा एक वाडगा गेलेल्याचा वाटा म्हणून अंगणाच्या भिंतीवर ठेवायचा असतो. सकाळी तो रिकामा दिसला तर कुत्र्याने खाल्ला की कावळ्याने, याची चौकशी कोणी करीत नाही.

मेमे वाचत, आणि नोर्झिन कोपऱ्यात बसून लाकडी नळकांड्यात लोणी आणि मीठ घालून चहा घुसळत असे. पोथी गेलेल्याशी बोलते. दूर निघालेल्या जीवा, ती म्हणते, आता जे उजळ दिसेल तेही तूच आहेस, आणि जे भयंकर दिसेल तेही तूच. रक्त पिणारे देव तुझ्या बाहेरून येत नाहीत. तुझ्याच हृदयातून उठतात आणि तुलाच भिववतात. स्वर्ग, नरक, सिंहासने, ज्वाळा, हा सारा तुझ्याच चित्ताचा पसारा आहे. ओळख, म्हणजे मोकळा होशील.

एका सप्तकानंतर नोर्झिनने विचारले, "मेमे, त्याला हे ऐकू येतं?"

"येतं म्हणतात," मेमे चहाचा पेला गालाला लावून ऊब घेत म्हणाले. "नाही आलं तरी वाया जात नाही. कान तुलाही आहेतच की."

"मला काय करायचंय? मी कुठं गेलेय?"

"हे कोण सांगणार? पोथीत लिहिलंय, गेलेल्याला आपण गेलोय हे कळत नाही." ते हसले. "अगं, माझ्या गुरूंनी ही पोथी मला माझ्या लग्नाच्या वर्षी शिकवली. म्हणाले, मेलेल्यांसाठी वाच, पण ऐकायला स्वतः बस. संसारात जेवढे राक्षस भेटतील तेवढे आधी इथं भेटून घे. बायकोला नको हं सांगूस."

त्या दिवसापासून नोर्झिन पोथी निराळ्या कानाने ऐकू लागली. शब्द गेलेल्याला उद्देशून होते; पण रात्री उशाशी येणारे भय, पहाटे हुंदक्याबरोबर दिसणारा नवऱ्याचा चेहरा, त्याची वेणी, त्याच्या कानातला निळा खडा, या साऱ्याला आपल्याच चित्ताचे म्हणून ओळखायला ती शिकली. ओळखले की चेहरा विरून जाई. तिला त्यातून एक शांती मिळू लागली होती.

आणि अशा वेळी तो आला.

भर दुपार होती. मेमेंनी नुकतीच नव्या सप्तकाची हाक दिली होती. ग्युर्मे, जिथे असशील तिथून ये, असे तीनदा मोठ्याने म्हणून त्यांनी पान उलटले होते. अंगणात उन्हाची तिरीप होती. त्या तिरिपेत तो येऊन उभा राहिला. डोके भादरलेले. अंगात कुणा दुसऱ्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट, एक बाही खांद्यापाशी उसवलेली. गालावर काळे पडलेले चट्टे. कानातला खडा नव्हता.

"नोर्झिन," तो म्हणाला. "पाणी दे गं."

नोर्झिनचे हात घुसळता घुसळता थांबले, आणि मग पुन्हा चालू झाले. तिने दृष्टी नळकांड्यावरून हलवली नाही. चुलीपाशी सासू सातू मळत होती. तिनेही मान वर केली नाही. मेमेंचा आवाज मात्र एकाएकी चढला. जीवा, ते वाचत होते, तू आपल्या घरी येशील, आपल्या माणसांना हाक मारशील, आणि कोणी ओ देणार नाही. तेव्हा समजून घे.

तो पुष्कळ वेळ उभा राहिला. पुन्हा हाक मारली, आईलाही मारली. मग त्याने चौरंगावरचा कागद पाहिला, त्याखालचे नाव वाचले. नोर्झिनने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले तेव्हा तो आपल्या पंज्यांकडे पाहत होता, उलटे करून, सुलटे करून. नंतर तो गेला.

दुसऱ्या दिवशी मेमे पोथीला फडके गुंडाळत असताना तिने हळूच विषय काढला.

"मेमे, एखाद्याला गेलेलं माणूस दिसलं तर?"

मेमेंनी गाठ मारायला नको तितका वेळ घेतला. "दिसणारच. मनात असतं ते कुठंतरी दिसायला हवंच."

"पण मी... एखादा ज्या रूपात आठवतो, तसा नाही दिसला तर? वाईट दिसला, केस गेलेले, तोंडावर डाग, तर?"

"आधी गोड दिसतं, नंतर उग्र. पोथीत क्रम दिलाय ना. चित्त तेच. ज्याची ओढ असते ते आधी येतं, ज्याची भीती असते ते मागून." मग ते आवाज उतरवून म्हणाले, "आणि हे कोणाला बोलू नये. बोललं की त्या रूपाला घर मिळतं. तू नको बोलूस, मीही नाही बोलत."

त्या अखेरच्या शब्दांकडे तिचे लक्ष गेले नाही.

तो येत राहिला. कधी अंगणाच्या भिंतीवर बसे, कधी दाराच्या चौकटीबाहेर. आत पाऊल टाकत नसे, कोणाला हात लावत नसे. एकदा तो नुसताच कुरकुरला, "माझं चुकलं काय, ते तरी सांगा," आणि उत्तराची वाट पाहत बसला. जमीन दगडासारखी गोठली होती आणि वाऱ्याने झाडून नेलेली होती. तिच्यावर कोणाचेच पाऊल उमटत नव्हते. घरामागे साचलेल्या बर्फात तो गेला असता तर मागे काय राहते ते दिसले असते. पण तो तिकडे जात नसे, आणि नोर्झिनही तिकडे पाहत नसे. सासू दिवसेंदिवस चिडखोर झाली होती. भांडी आपटी, दाराकडे पाठ करून बसे, आणि कारण विचारले की "माझे डोळे गेलेत, दुसरं काय," एवढेच म्हणे.

शेवटचा दिवस उजाडला. नाव जाळायचे म्हणून गाव जमले. तोब्देन दिव्यासाठी लोणी घेऊन आला होता. बाहेर भिंतीपाशी तो होताच; आज उभा होता, निरोपाला यावे तसा. नोर्झिनला कळत होते की हा कागद जळला की तो येणार नाही. आपल्या चित्ताने त्याला निर्माण केले असेल तर चित्त मोकळे होईल. तो खरोखरचा जीव असेल तर त्याला पुढची वाट मिळेल. दोहोंपैकी काहीही असो, तिने मुकाट राहायचे होते. आजवर तिने ते साधले होते.

मेमेंनी शेवटचे प्रकरण उघडले. जीवा, ते वाचू लागले, अजूनही तू भटकतो आहेस, कारण तू पळालास. जे समोर आले त्याच्याकडे तू पाठ केलीस. ते उग्र होते म्हणून तू डोळे मिटलेस. पळणाऱ्याला वाट नाही. कोणतेही रूप येवो, तोंड फिरवू नकोस. त्याच्यासमोर जा, त्याला जवळ कर. ज्याने जवळ केले तो सुटला.

हे ऐकताना नोर्झिनने मान वर केली. इतके दिवस ती पोथीतली भये ओळखत होती, आणि ओळखता ओळखता तिने एक गोष्ट पाहिलीच नव्हती. पळाले कोण? तो तर पळाला नव्हता. तो रोज येऊन उभा राहत होता. तोंड फिरवले होते ते तिने. रीत म्हणत होती, पाहू नकोस. पोथी म्हणत होती, पाठ करू नकोस. रीत गेलेल्याच्या भल्यासाठी होती. पोथी मात्र आता सरळ तिच्याशीच बोलत होती, आणि तो बाहेरचा माणूस रूप आहे की जीव आहे की देह आहे, हे विचारतही नव्हती. तिन्हींसाठी तिची आज्ञा एकच होती.

मेमेंनी कागद दिव्यावर धरला. त्याच्या कोपऱ्याने पेट घेतला आणि नोर्झिन उभी राहिली.

"ग्युर्मे!" ती मोठ्याने म्हणाली. "बाहेर काय उभा आहेस? आत ये."

तोब्देनच्या हातातले लोणी खाली पडले. "वहिनी, काय केलंत हे!" तो ओरडला. आणि त्याच वेळी चुलीपाशी बसलेल्या कुंझोमने हळूहळू मान फिरवली.

"तुला दिसतो?" तिने सुनेला विचारले.

"दिसतो, आमा."

"भादरलेला? उजवी बाही उसवलेली?"

"हो."

म्हातारीने हातातला डाव आपटला. "अगं कारटे, मग बोलली का नाहीस? मला वाटलं मलाच दिसतो! मला वाटलं मीच त्याला बांधून ठेवतेय!"

"मलाही दिसला होता," तोब्देन पुटपुटला. "पाणचक्कीपाशी. मी थुंकलो आणि परत फिरलो."

"मी वरच्या गोठ्यात पाहिला," आणखी एकजण म्हणाला. "घोंगडं घेऊन निजला होता. मी कोणाला बोललो नाही."

मग सारे मेमेंकडे पाहू लागले. मेमेंच्या हातात कागदाची काळी कड तेवढी उरली होती. नाव जळून गेले होते. "मी दाराकडे तोंड करून बसतो," ते म्हणाले. "मला पहिल्या दिवसापासून दिसत होता. बिचाऱ्याला कळत नाहीये म्हणून मी आणखी मोठ्यानं वाचत होतो."

एकट्याला दिसते ते चित्ताचे असू शकते. पण वेगवेगळ्या माणसांच्या चित्तांनी एकच बाही एकाच खांद्यापाशी उसवावी, असे कोणत्या पोथीत लिहिले आहे? सर्वांनी त्याला पाहिले होते, आणि प्रत्येकाने शिकवल्याप्रमाणे त्याला आपल्याच मनाचा खेळ समजून गिळून टाकले होते. जिवंत माणूस अंगणात अर्धपोटी उभा होता, आणि गाव त्याच्या मुक्तीसाठी तोंडे फिरवून बसले होते.

नोर्झिन धावत बाहेर गेली. तिने त्याचे मनगट धरले. ते थंडगार होते, आणि आत नाडी चालली होती. पण ग्युर्मेच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्याने तिच्याकडे पाहिले, मग दारात गर्दी करून एकदम बोलू लागलेल्या माणसांकडे पाहिले, आईकडे पाहिले, आणि त्याचे डोळे भरून आले.

"सगळेच?" तो म्हणाला. "अरे देवा. तुम्ही सगळेच गेलात?"

खिंडीपलीकडच्या मेंढपाळांनी त्याला बर्फातून उकरून काढले होते. ज्वरात त्यांनी त्याचे डोके भादरले, त्याचा खडा विकून त्याला औषधपाणी केले. त्या ज्वरात त्याला मेमेंचा आवाज ऐकू येत असे, ये, ये, म्हणून. त्या आवाजामागून तो खिंड उतरला. आणि घरी कोणी ओ दिली नाही. पोथी त्याच्या नावाने चालली होती. भिंतीवर ठेवलेला गेलेल्याचा वाटा तो खात होता, आणि तो त्याला पोचत होता. आपण गेलो आहोत हे पटायला याहून अधिक काय हवे होते? आणि आता सारे त्याच्याशी बोलत होते, म्हणजे तेही गेले. कोणाला हात तेवढा लावला नाही. हात आरपार जाईल अशी धास्ती होती, असे तो म्हणाला.

त्याला घरात आणले, न्हाऊ घातले, जेवू घातले. आईने दोन थपडाही दिल्या. "लागलं?" तिने विचारले. "लागलं, आमा," तो नम्रपणे म्हणाला, "पण तिथंही लागतं असं पोथीत आहे." मेमेंनी त्याला नवे नाव दिले, कारण जुने जळले होते. तो नव्यालाही ओ देई, जुन्यालाही देई, कोणी कशाही नावाने हाक मारली तरी देई.

तो हिवाळा नोर्झिनला फार कठीण गेला. नवरा घरात होता, आणि नव्हता. तो कधी रागावत नसे. चहा खारट झाला तरी गोड मानून पिई. तोब्देनने दळणाची पाळी चोरली तरी हसून मान डोलवी. सर्वांकडे तो अशा करुणेने पाही, जसे माणूस स्वप्नात दिसणाऱ्या माणसांकडे पाहतो. गावातल्या काही बायका म्हणू लागल्या की हा सिद्ध झाला, याचे पाय धरावेत. नोर्झिनला मात्र त्याच्या त्या मऊ नजरेची दहशत बसली. ती त्याच्या लेखी त्याच्याच चित्तातून उठलेले एक रूप होती, आणि तो पोथीच्या आज्ञेप्रमाणे त्या रूपाला जवळ करीत होता.

शेवटी ती मेमेंकडे गेली.

"मेमे, जिवंत माणसाला तू जिवंत आहेस हे सांगणारी पोथी नाही का?"

"नाही गं." म्हाताऱ्याने कपाळावर हात घासला. "पन्नास वर्षं वाचतोय, पण मी या बाजूला आहे हे सिद्ध कर म्हणालीस तर मलाही जमायचं नाही." मग ते म्हणाले, "एक आहे. चित्त हवं ते दाखवतं. भीती वाटते तेही दाखवतं. पण जे कधी मागितलं नाही आणि ज्याची भीतीही शिवली नाही, असलं काही त्याला सुचत नाही. ते दुसऱ्याकडूनच यावं लागतं."

जवाची पेरणी चालली होती. दोघे बांधावर बसून सातू खात होते. तो सातूचा गोळा मोडून तिच्यापुढे धरत होता, त्याच मायेने, आणि त्याच क्षणी नोर्झिनने ठरवले.

"एक सांगायचं आहे," ती म्हणाली. "तू भिंतीवर येऊन बसायचास ना. एक दिवस मला वाटलं, तू जावास."

"रीतच होती ती," तो हसला. "माझ्या भल्यासाठी."

"भल्यासाठी नाही. मला तू नको होतास. तू खरा असशील अशी शंका मला आली होती. कोटाला मेंढीचा वास येत होता. तरी मी गप्प बसले. रडून रडून मला ते दुःख जमायला लागलं होतं. तू जमत नव्हतास."

त्याचा हात हवेतच राहिला. त्याने तिच्याकडे पाहिले. आणि त्या नजरेतली करुणा एखाद्या फडक्यासारखी गळून पडताना तिने पाहिली. खाली जो माणूस होता तो दुखावलेला होता. तो उठला, बैल जोडले, आणि संध्याकाळपर्यंत तिच्याकडे न पाहता नांगरत राहिला.

घरी आल्यावर त्याने दारातूनच विचारले, "खरंच वाटलं होतं?"

"खरंच."

"आणि मी बाहेर अर्धपोटी होतो."

"हो."

तो आत आला. तिच्या शेजारची आपली जागा सोडून तो आईपलीकडे जाऊन बसला आणि त्याने भिंतीकडे तोंड केले.

"याला काय झालं?" कुंझोमने विचारले.

"रागावलाय माझ्यावर. परतल्यापासून पहिल्यांदा."

म्हातारीने लेकाच्या पाठीकडे निरखून पाहिले आणि चुलीत आणखी एक गोवरी सारली. नोर्झिनने चहा ओतला, पेला त्याच्या बाजूला सरकवला. त्याने तो घेतला नाही. त्या पाठमोऱ्या माणसाच्या मनात काय चालले आहे, तो उद्या बोलेल की कधीच बोलणार नाही, हे तिला कोणत्याही उपायाने कळत नव्हते. तरी तिने त्याच्यावरची नजर काढली नाही.